सखूबाईंच्या नावाचं लेबल

सातारा-सांगलीकडे माणसं लग्नकार्याला जातात, देवदर्शनाला जातात, नाहीतर मिरजेच्या दवाखान्यात कुणाला बघायला जातात. मी गेले ती माझ्याच हातानं केलेल्या एका सुधारणेचा पाठलाग करत. परत आल्यावर घरच्यांनी विचारलं, काय काय पाहिलंस? खरं सांगायचं तर चार दिवस मी घड्याळाखेरीज फारसं काही पाहिलंच नाही. जे पाहिलं ते मान वाकडी करून, एसटीच्या खिडकीतून. तरी सांगते. काळजीत असलेल्या माणसाला रस्ता जास्त नीट आठवतो असा माझा अनुभव आहे.

आधी थोडं मागचं. मी पुण्यात संगणकाचे प्रोग्राम लिहिते. तीन वर्षांपूर्वी, म्हणजे शहाण्णव साली, मराठीतून लेबलं, दाखले, याद्या छापता याव्यात म्हणून मी ‘अक्षरपेटी’ नावाचा एक संच बनवला. तो स्वतः पुरा प्रोग्राम नव्हे. दुसऱ्यांनी आपल्या प्रोग्रामात जोडून घ्यायचं साहित्य. फ्लॉपीवर घालून, आतला सगळा सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, वाचता येईल असा उघडा ठेवून, मी तो मागेल त्याला पाठवत असे. अट एवढीच की कॉपी करा, हवं तर बदला आणि पुढं द्या.

पेटीत दोन तऱ्हेची फंक्शनं, म्हणजे एकेक ठरलेलं काम करणारे तुकडे, होती. काही बाहेरची, लोकांनी वापरायची. त्यांचं वागणं बदलणार नाही हा माझा शब्द. बाकीची आतली, माझ्या सोयीची. ती मी कधीही उलटीपालटी करणार. निदान माझ्या डोक्यात तरी ही वाटणी स्वच्छ होती.

आतल्यांपैकी एक फंक्शन तारखेचं होतं. त्यात महिना शून्यापासून मोजलेला असे. जानेवारी शून्य, फेब्रुवारी एक, असं. यंत्राच्या हिशेबाला ते सोयीचं पडतं, पण मला ते बघवत नसे. जानेवारीत नवी आवृत्ती काढली तेव्हा मी जानेवारीला सरळ एक करून टाकलं, बाहेरच्या सगळ्या फंक्शनांत त्याप्रमाणे फेरफार केले, फ्लॉप्या पोस्टात टाकल्या आणि स्वतःवर खूश झाले.

फेब्रुवारीच्या मध्यावर साताऱ्याहून शेख सरांचं पत्र आलं. हे सर घरी संगणकाचा क्लास चालवायचे आणि माझ्याकडून पहिली फ्लॉपी नेणाऱ्यांपैकी होते. इकडचं तिकडचं लिहून शेवटी त्यांनी कळवलं होतं की त्यांचा एक जुना विद्यार्थी पिशव्यांवरच्या मुदतीची तारीख माझ्या आतल्या तारखेच्या फंक्शनवरूनच छापतो, त्याला ते फार आवडतं, आणि नवी आवृत्ती तो याच आठवड्यात बसवणार आहे.

महिना बरोबर दिसावा म्हणून त्या मुलानं स्वतःच्या प्रोग्रामात एक मिळवलेला असणार. आता मीही एक मिळवला होता. म्हणजे मुदत महिनाभर पुढं जाणार. पिशव्या कसल्या ते सरांनी लिहिलं नव्हतं. खताच्या असतील, बियाण्याच्या असतील, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिले. सरांकडे फोन नव्हता. सोमवारी सकाळची साताऱ्याची एसटी धरली.

सातारा, सोमवार

पुण्यात पाहुणा आला की आधी काम विचारतात, मग चहा. साताऱ्यात उलटं. शेख सरांच्या दारात मी चप्पलही न काढता “पिशव्या कसल्या?” म्हणून विचारलं, तर सर म्हणाले, आधी बसा. भाभींनी पाणी दिलं, चहा दिला, वर कंदी पेढ्यांची पुडी उघडली. मी दोन पेढे चव न कळता गिळले. खिडकीतून अजिंक्यतारा दिसत होता आणि सर मला त्याच्या पायथ्याशी नवीन झालेल्या वस्तीबद्दल सांगत होते.

शेवटी ते म्हणाले, “संपत मोहिते त्याचं नाव. पाटणकडचा. मिरजेला रक्तपेढीत असतो. रक्ताच्या पिशव्या, मॅडम.”

साठवलेलं रक्त पस्तीस दिवस चालतं. त्यानंतर ते टाकून द्यायचं. माझ्या सुधारणेनं त्या पस्तीसाचे पासष्ट-सहासष्ट होणार होते, आणि बाद झालेली पिशवी फ्रिजमध्ये चांगल्यासारखी पडून राहणार होती. सरांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनीही हातातली बशी खाली ठेवली.

मी जरा तडकूनच विचारलं की आतलं फंक्शन वापरू नका असं वर स्पष्ट लिहिलेलं असताना हे झालंच कसं. सरांनी उठून कपाटातून एक बाड आणलं. माझा सोर्स त्यांनी छापून, पुठ्ठा लावून बांधून घेतला होता. पानापानावर लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या.

तेव्हा मला माझी करामत दिसली. बाहेरच्या फंक्शनांची माहिती मी इंग्रजीत लिहिली होती, झोकात, चांगली चाळीस पानं. चारचौघांत जायचं म्हणजे इंग्रजी हवं, असं माझ्या मनानं परस्पर ठरवलं होतं. ‘हे आतलं आहे, वापरू नये’ ही सूचनासुद्धा इंग्रजीतच. आणि आतल्या फंक्शनांच्या डोक्यावर मात्र, कुणी बघणार नाही म्हणून, मी रोमन अक्षरांत साध्या मराठीत टिपा टाकल्या होत्या. ‘इथं महिना शून्यापासून मोजलाय, छापताना एक मिळव, विसरू नकोस.’ ‘ही तारीख कशी काढली ते खाली उदाहरण बघ.’

सर म्हणाले, “तुमचं मॅन्युअल माझ्या क्लासातल्या कुणाला झेपत नाही. आतलं सगळ्यांना समजतं. मी तर शिकवतोच त्याच्यावरून.”

ज्या भागाबद्दल मी शब्द दिला होता तो कुणी वाचला नव्हता, आणि ज्याबद्दल दिला नव्हता तो पाठ झाला होता.

बूथवर जाऊन, चौकशीच्या नंबरावर फोन करून रक्तपेढीचा नंबर मिळवला तर तो बंद. नंबर बदललेत म्हणे. सरांकडे तिथला पत्ता होता, पण संपत बुधवारपर्यंत रजेवर, गावाकडे, आणि फ्लॉपी त्याच्याचकडे. मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे दुहेरी बंदोबस्त केला. सरांच्या संगणकावर बसून महिना परत शून्यापासून करून टाकला, तशा फ्लॉप्या केल्या, आणि मंगळवारी सकाळी त्या स्पीडपोस्टानं माझ्या सगळ्या पत्त्यांवर आणि रक्तपेढीच्या पत्त्यावर रवाना केल्या. सोबत चिठ्ठी, या वेळी मराठीत: ‘तातडीनं बसवा. मी स्वतः तपासलं आहे. निर्धास्त असा.’ निर्धास्तच्या खाली दोन रेघा मारल्या. मग पाटणची गाडी धरली.

पाटणच्या पुढं

फेब्रुवारीत त्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत जावं लागतं. पाटणला उतरून जीपनं पुढं, आणि शेवटचा मैल पायी. डोंगर सुरेख होते, असं आता आठवतं.

मोहित्यांचं घर सापडलं. पुढच्या दाराची कडी वाजवली. हाक मारली. पुन्हा वाजवली. आत भांडी घासल्याचा आवाज येतोय आणि दार काही कुणी उघडत नाही. पाच-सात मिनिटांनी बाजूच्या परड्यातून राखेच्या हातांनी एक म्हातारी बाई आली.

“आवं, त्या दारानं कोन येतंय? त्ये तलाठ्याला आन् व्याह्यांस्नी. मागनं या.”

ती संपतची आई, सखूबाई. मागनं गेले. तिथं चूल, तिथंच गोठा, आणि शेजारपाजारचं सगळं जाणंयेणं तिथूनच. पुण्यात मागच्या दारानं फक्त भांडीवाली येते. इथं मागच्या दारानं येतो तो आपला, आणि पुढच्या दारात उभा राहतो तो परका. शेख सरांचं बाड आठवून मी कपाळावर हात मारला.

संपत नव्हता. रक्तदानाचं शिबिर ठरलं म्हणून निरोप आला आणि कालच, सोमवारी संध्याकाळी, मिरजेला निघून गेला. माझा चेहरा बघून सखूबाईमावशींनी माझ्यापुढं हुलग्याच्या माडग्याची वाटी ठेवली. गरम, तिखट, लसणीचं. त्या दिवसातली मला चव कळलेली ती पहिली गोष्ट. संपत तिथं नेमकं काय करतो हे त्यांना माहीत आहे का म्हणून विचारलं.

त्या म्हणाल्या, “कवाबी मशीन चालू केलं की पैलं लेबल माझ्या नावानं छापतोय. हिशेब बरुबर हाय का बघाया. मला दावलं हुतं. सखूबाई मोहिते, आन् फुडं तारीख. इचारलं ही कसली, तर म्हनला, आये, तुजं रगत पस्तीस दिसात संपतंय. म्या म्हनलं, मग पस्तीस दिसाच्या आत येत जा की घरला.”

“येतो?”

“येतोय. अजून तरी चुकला न्हाई.”

जीप सकाळीच मिळणार होती, म्हणून तिथंच राहिले. बुधवारी पहाटे मी चुलीजवळ बसले असताना फळीवरची भांडी आपोआप वाजू लागली. मी किंचाळत अंगणात. मावशी जागच्या हलल्या नाहीत. कोयनेच्या त्या बाजूला हे भूकंपाचे धक्के नेहमीचे. त्यांनी मला नियम सांगितला की नुसती भांडी वाजली तर भाकरी थापत राहायचं, पाण्याचं मडकं कलंडलं तर मात्र धावत बाहेर यायचं. मला त्यांचा हेवा वाटला. माझ्या डोक्यात भांडी वाजली तरी मडकंच कलंडतं.

निघताना त्यांनी नाचणीच्या भाकऱ्या आणि कारळाची चटणी फडक्यात बांधून दिली, संपतला द्यायला. भिंतीवर कोळशानं त्याचा फोननंबर लिहिलेला होता. तो मी उतरून घेतला आणि पाटणच्या बूथवरून लावला. कुणीतरी उचलला, सगळे शिबिराला गेलेत, उद्या या म्हणालं, आणि माझा निरोप ऐकायच्या आधीच ठेवून दिला. बुधवारचा उरलेला दिवस उलटलेल्या उसाच्या ट्रॉलीमागं गेला. कऱ्हाडला मुक्काम पडला.

मिरज, गुरुवार

मिरजेत रिक्षावाल्यानं मला सतारी करणाऱ्यांच्या गल्लीतून नेलं. दारोदार मोठाले भोपळे उन्हात मांडलेले. एरवी मी उतरले असते.

रक्तपेढी म्हणजे एका दवाखान्यामागच्या तीन खोल्या. संपत पंचविशीतला, किडकिडीत, बोलताना डोळे मिचकावणारा. मी नाव सांगितलं तर त्याला खरंच वाटेना. खुर्ची पुसली, चहा सांगितला, पेढीतल्या सिस्टरना हाक मारून ‘अक्षरपेटीवाल्या बाई आल्यात’ म्हणून ओळख करून दिली. मी त्याच्या हातात आईचं गाठोडं दिलं आणि एका दमात सगळं सांगितलं. तो हसायला लागला.

“मॅडम, त्ये मंगळवारीच घावलं. नवी फ्लॉपी घातली, आईच्या नावाचं लेबल काढलं, तर तेवीस एप्रिल. बोटावर मोजलं, सहासष्ट दिस. म्हनलं, आईनं मुदत वाढवून घेतली वाटतं. मग तुमची टीप बगितली. तुमीच एक मिळवलाय. म्हनून माझा एक काडून टाकला. झालं.”

माझा जीव भांड्यात पडला. चहा आला, तो मी चवीनं प्यायले. किती हुशार मुलगा, आणि मी उगाच तीन दिवस धापा टाकल्या, असं म्हणत होते. तेवढ्यात टेबलावर स्पीडपोस्टाचं पाकीट दिसलं. फोडलेलं. त्यावर माझं अक्षर.

“हे कधी आलं?”

“सकाळीच की. लगेच बसवलं.”

मी उठून फ्रिजच्या काचेशी गेले. आत कालच्या शिबिरातल्या पिशव्या, तपासण्या होऊन नुकतीच लेबलं लागलेल्या. घेतल्याची तारीख सतरा फेब्रुवारी. मुदत: चोवीस फेब्रुवारी. मार्च नव्हे, फेब्रुवारी. त्यानं आपला एक काढून टाकला होता, आणि मग माझ्या बंदोबस्तानं माझाही काढून टाकला. सगळ्या पिशव्यांवर तेच. पुढच्या आठवड्यात यातलं ताजं, चांगलं रक्त कुणीतरी मुकाट्यानं ओतून दिलं असतं, आणि हात जोडून आलेल्या नातेवाइकाला ‘शिल्लक नाही’ म्हणून सांगितलं असतं.

संपतनं वाकून एकेक लेबल वाचलं. मी विचारलं, “आईच्या नावाचं लेबल नाही काढलं?”

“न्हाई काडलं,” तो म्हणाला. “तुमी लिवलं हुतं न्हवं, निर्धास्त असा म्हनून.”

मला रडू आलं. लपवलं नाही. चाळीस पानं इंग्रजी कुणी वाचली नव्हती, आणि मराठीतली एक ओळ त्यानं वेदवाक्यासारखी पाळली होती. मला वाटत होतं मी पुण्याहून दुर्घटना टाळायला निघालेय. ती मीच पोस्टात टाकून आले होते, दोन रेघा मारून.

सिस्टर मात्र शांत होत्या. त्यांनी संगणक बंद करायला लावला, वही काढली, आणि आम्ही तिघांनी एकेक पिशवी बाहेर काढून हातानं तारखा लिहिल्या. एकीनं वाचायचं, एकानं लिहायचं, तिसरीनं बोटावर मोजायचं. शेवटी वहीतली एक पिशवी फ्रिजमध्ये नव्हती. बी निगेटिव्ह. तासाभरापूर्वी सांगलीला गेली होती.

सांगली

संपतच्या लुनावर मागं बसून मी सांगलीला गेले. रस्त्यात हळद शिजवल्याचा उग्र वास, रिक्षा, उसाच्या गाड्या. संपत वाटेत एकच वाक्य बोलला की सातच दिवसांची मुदत बघून तिथल्या सिस्टरना लेबलाचा संशय आला आणि त्यांनी पिशवी बाजूला ठेवली तर दुसरी बी निगेटिव्ह आज कुठून आणायची. त्यानंतर मी त्याच्या पाठीवरचा शिवणीचा दोरा बघत राहिले.

दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर एक बाळंतीण होती. कागदासारखी पांढरी. पिशवी स्टँडला टांगलेली, निम्मी झालेली. थेंब पडत होता. शेजारी तिचे वडील, टोपी मांडीवर ठेवून, त्या थेंबाकडे बघत बसले होते. तिथल्या सिस्टरनं सांगितलं की बाईची अवस्था अशी होती की घेतल्याची तारीख कालची दिसली तेवढी बघितली आणि पिशवी लावली, मुदत कोण बघतंय.

मी लेबल वाचत उभी होते. वडिलांनी माझ्याकडे बघितलं.

“काय चुकलंय का, बाई?”

“तारीख चुकलीय,” मी म्हणाले. “माझ्या हातनं. रक्त ताजं आहे.”

ते पुन्हा थेंबाकडे बघू लागले. त्यांना माझ्या चुकीशी काही देणंघेणं नव्हतं. पिशवी रिकामी होईपर्यंत मी आणि संपत जिन्यात बसलो आणि गाठोड्यातली भाकरी-चटणी अर्धी अर्धी खाल्ली. संध्याकाळी सिस्टरनं बाहेर येऊन सांगितलं की बाई बोलतेय. संपतनं वॉर्डात जाऊन रिकाम्या पिशवीवरचं लेबल सोडवून आणलं आणि माझ्या हातात दिलं.

शुक्रवारी दिवसभर मी मिरजेतच होते. बाकीच्या पत्त्यांवर तारा केल्या: पाकीट फोडू नका. मग संपतसमोर वही घेऊन बसले आणि विचारलं की माझ्या पेटीतलं तू नेमकं काय काय वापरतोस. त्यानं सांगितलं, मी लिहून घेतलं. तीच यादी, शेख सरांची भर घालून, आता अक्षरपेटीची बाहेरची फंक्शनं म्हणून मराठीत छापलेली आहे. तारखेचं फंक्शन पहिलंच. त्यात महिना शून्यापासून मोजलेला आहे, अजून मला बघवत नाही, आणि तो तसाच राहणार आहे. आतल्या फंक्शनांवर मराठीतच लिहिलंय की हे मी मोडणार आहे, यावर विसंबू नका.

‘निर्धास्त’ हा शब्द मात्र मी कुठंही लिहीत नाही. नवी आवृत्ती तयार झाली की पाकिटात घालण्याआधी एक लेबल छापते. सखूबाई मोहिते, आजची तारीख, मुदत. मुदतीचे दिवस बोटांच्या पेरांवर मोजते. पस्तीस भरले की संपतला पत्र टाकते, आणि खाली एवढंच विचारते: घरी जाऊन आलास का?